भट्टी, खाण आणि त्यांमधील रस्ता : कॉर्बी येथील दूषित मातीच्या प्रकरणाचा इतिहास

'रेक्लमेशन' हा शब्द कानी पडला की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम मुंबईत समुद्र हटवून निर्माण केलेली भूमी उभी राहते. इंग्लंडच्या खाणप्रदेशांत ह्या शब्दाचा रूढ अर्थ निराळा आहे. तेथे समुद्रापासून नव्हे, तर मनुष्याच्याच पूर्वीच्या उद्योगापासून भूमी परत मिळवावयाची असते. खोदून सोडलेले खड्डे, राडारोड्याचे ढीग, भट्ट्यांच्या पायाखालील काळी जमीन यांना पुन्हा शेताचे, वस्तीचे अथवा उद्यानाचे रूप देणे म्हणजे तेथील भूमि-पुनरुद्धार. ह्या कार्याचा इतिहास लिहिताना सामान्यतः दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली जातात : उद्ध्वस्त जमिनीचे एक आणि हिरव्या झालेल्या जमिनीचे दुसरे. ह्या दोन चित्रांच्या दरम्यान ती माती कोणी उचलली, कशी वाहिली आणि वाटेत तिचे काय झाले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात नॉर्थॅम्प्टनशायर परगण्यातील कॉर्बी ह्या गावच्या उदाहरणावरून हा मधला प्रश्न तपासून पाहण्याचे योजिले आहे. तेथील पोलाद कारखान्याच्या जागेतील गाळ व माती उकरून गावाच्या उत्तरेस असलेल्या डीन येथील जुन्या खाणीत नेऊन टाकण्यात आली. पुढे ह्या व्यवहाराची चौकशी लंडनच्या उच्च न्यायालयात झाली, आणि तीमुळेच एरवी विस्मृतीत गेला असता असा बराच तपशील आज आपणांस उपलब्ध आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. कॉर्बीच्या परिसरातील लोहखनिज हे ज्युरासिक काळातील थरांत, भूपृष्ठापासून फार खोल नव्हे अशा ठिकाणी आढळते. त्याच्यावर चुनखडक व हिमयुगीन चिकणमाती यांचे आच्छादन, आणि त्याच्याखाली लायस नावाने ओळखल्या जाणाऱ्या घट्ट चिकणमातीचा थर, अशी ही रचना आहे. साहजिकच येथे भुयारी खाणींपेक्षा उघड्या खाणी अधिक झाल्या. वरचे आच्छादन उपसून शेजारच्या रिकाम्या चरात टाकावयाचे, खाली उघडे पडलेले खनिज उचलावयाचे आणि पुढे सरकावयाचे, अशी ही पद्धती होती. ह्या उपशासाठी पुढे जी प्रचंड यंत्रे आली, त्यांमुळे चर अधिक खोल व ढीग अधिक उंच झाले. खनिज संपल्यावर मागे उरे ती नांगराच्या अवाढव्य तासांसारखी ओळीने पसरलेली उंचसखल जमीन. तिला तेथे 'डोंगर-दरी' अशाच अर्थाच्या शब्दांनी संबोधीत. ही जमीन शेतीस निरुपयोगी ठरे. युद्धकाळातील अन्नटंचाईनंतर ही गोष्ट सरकारला खुपू लागली आणि १९५१ साली खनिज-उत्खननाविषयीचा कायदा होऊन लोहखनिज-प्रदेशाच्या पुनरुद्धारासाठी एक स्वतंत्र निधी स्थापन झाला. खाणमालकांनी काढलेल्या खनिजाच्या वजनावर पट्टी द्यावी, सरकारने त्यात भर घालावी आणि त्यातून जमीन सपाट करून वर सुपीक माती पसरावी, अशी ही योजना होती. हा निधी १९८५ च्या कायद्याने गुंडाळण्यात आला.

ह्या निधीचा एवढा उल्लेख करण्याचे कारण असे की, पुनरुद्धार म्हणजे काय याविषयीची जी कल्पना त्या प्रदेशात रुजली, ती ह्या कायद्यातून दिसून येते. खड्डा हा दोष, भराव हा उपाय. उंचवटा हा दोष, सपाटी हा उपाय. जमिनीचे रूप बिघडले असून ते सुधारावयाचे आहे, अशी ही दृष्टी होती. मातीचे मोजमाप घनयार्डांत होई. तिच्या अंगी काय आहे हा प्रश्न १९५१ मध्ये उपस्थित होण्याचे कारणही नव्हते, कारण त्या काळी हलवावयाची माती ही त्याच जागेची, निसर्गाने घातलेली अशीच होती. पुढे प्रश्नाचे स्वरूप पालटले, परंतु दृष्टी मात्र तीच राहिली.

१९३१ साली कॉर्बी हे सुमारे दीड हजार वस्तीचे खेडे होते. स्ट्यूअर्ट्‌स अँड लॉइड्‌स ह्या नळ्या बनविणाऱ्या स्कॉटिश कंपनीने तेथे लोखंड, पोलाद व नळ्या यांचा एकत्रित कारखाना उभारण्याचा निर्णय १९३२ साली घेतला. स्थानिक खनिजात लोहाचे प्रमाण जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास आणि स्फुरदाचे प्रमाण अधिक. ते दूर वाहून नेणे परवडणारे नव्हते, म्हणून कारखाना खनिजापाशी आला. क्लाइड नदीच्या खोऱ्यातून स्कॉटिश कामगार कुटुंबांसह येथे आले. अजूनही ह्या गावाला 'छोटे स्कॉटलंड' असे म्हणतात. १९३९ पर्यंत लोकसंख्या बारा हजारांवर पोहोचली, १९५० साली कॉर्बीला 'नव्या नगरा'चा दर्जा मिळाला, आणि १९६७ च्या राष्ट्रीयीकरणानंतर कारखाना ब्रिटिश स्टील कॉर्पोरेशनकडे गेला.

अशा कारखान्यातून पोलादाखेरीज आणखी काय निघते हे पाहिल्यावाचून पुढील कथेचा अर्थ लागत नाही. भट्टीतून बाहेर पडणारा वायू आपल्याबरोबर बारीक धूळ नेतो. जस्त, शिसे, कॅडमियम यांसारखे धातू भट्टीच्या उष्णतेत वाफेच्या रूपाने निघून जातात आणि वायू थंड होताच ह्या धूलिकणांवर येऊन बसतात. धूळ वातावरणात जाऊ नये म्हणून तो वायू पाण्याने धुतात. त्या पाण्यातील गाळ मोठ्या तळ्यांत बसवितात. म्हणजे हवा स्वच्छ राखण्यासाठी केलेल्या उपायानेच ते धातू एका जागी, दाट गाळाच्या रूपाने साठत जातात. कोकच्या भट्ट्यांतून डांबर व त्याबरोबर अनेकवलयी कर्बसंयुगे, फिनॉल व सायनाइडे निघतात आणि तीही कारखान्याच्या जमिनीत मुरतात. पुढे न्यायालयासमोर ज्या द्रव्यांचा विचार झाला त्यांत कॅडमियम, क्रोमियम, निकेल, ही कर्बसंयुगे व डायॉक्सिने यांचा समावेश होता. हा गाळ तळ्यात ओला पडून असतो तोवर त्यापासून गावाला होणारा उपसर्ग बेताचा असतो. तो हलविला की मात्र गोष्ट वेगळी होते.

१९७९ च्या अखेरीस कॉर्बीतील लोखंड व पोलाद यांचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर झाले आणि १९८० साली ते थांबले. नळ्यांचा विभाग तेवढा चालू राहिला. एकाच उद्योगावर जगणाऱ्या गावावर याचा काय परिणाम झाला असेल हे सांगावयास नको. बेकारीचे प्रमाण तीस टक्क्यांच्या वर गेले. १९८१ मध्ये कॉर्बीला उद्योगांना करसवलती देणाऱ्या विशेष क्षेत्राचा दर्जा मिळाला. नव्या उद्योगांना द्यावयास जमीन हवी होती आणि गावालगतची सर्वांत मोठी जमीन म्हणजे बंद पडलेला कारखाना. नगरपरिषदेने त्यातील सुमारे ६८० एकर जमीन कॉर्पोरेशनकडून टप्प्याटप्प्याने घेतली. पडक्या इमारती पाडणे, गाळाची तळी उपसणे, दूषित माती काढून नेणे आणि जमीन विक्रीयोग्य करणे हे काम अशा रीतीने एका लहानशा नगरपरिषदेच्या अंगावर आले. न्यायमूर्तींचा पुढे जो अभिप्राय पडला तो थोडक्यात असा की, परिषदेने आपल्या आवाक्याबाहेरचे काम पत्करले आणि त्याची व्याप्ती व अवघडपणा तिच्या ध्यानात आला नाही. मला हा अभिप्राय योग्य वाटतो. परंतु त्या वर्षांतील गावाची निकड लक्षात घेतल्याखेरीज तो पुरता समजत नाही. बेकारांच्या रांगा दारात असताना मातीचे पृथक्करण होईपर्यंत थांबा, असे सांगणाऱ्याला त्या सभागृहात किती श्रोते मिळाले असते?

दूषित मातीविषयीचे ज्ञान त्या काळी उपलब्धच नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. ह्याच प्रश्नासाठी ब्रिटिश सरकारच्या निरनिराळ्या खात्यांची एक संयुक्त समिती १९७६ साली नेमली गेली होती, आणि १९८३ साली तिने मार्गदर्शक पत्रक काढून त्यात मातीतील काही द्रव्यांच्या इशारा-मर्यादा दिल्या होत्या. घराच्या बागेतील मातीत दर किलोग्रॅममागे कॅडमियम ३ मिलिग्रॅम, मोकळ्या मैदानात १५. शिसे अनुक्रमे ५०० व २००० मिलिग्रॅम. यांतील आर्सेनिकची मर्यादा बागेसाठी १० व मैदानासाठी ४० मिलिग्रॅम होती. गंमत अशी की, नॉर्थॅम्प्टनशायरच्या लोहखनिजावरील माती निसर्गतःच आर्सेनिकयुक्त असून कारखान्याचा स्पर्शही न झालेल्या कित्येक शेतांत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यातील आर्सेनिक लोहसंयुगांत घट्ट बांधलेले असल्यामुळे शरीरात फारसे शोषले जात नाही, ही पुढील संशोधनातून स्पष्ट झालेली गोष्ट. 'दूषित माती' ही संज्ञा नुसत्या आकड्यावरून ठरत नाही, हे यावरून दिसेल. परंतु येथे अधिक महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे. हे सर्व आकडे जागेच्या भावी वापराला अनुसरून दिलेले होते. ह्या जमिनीवर पुढे बाग होणार, मैदान होणार की घर, एवढे ते विचारतात. माती काढताना आणि नेताना काय होईल, हा त्या आकड्यांचा विषय नव्हता.

कायद्याचीही तीच स्थिती होती. १९७२ च्या आरंभी न्यूनीटन ह्या गावानजीक मुले खेळत असत अशा एका पडीक जागेवर सायनाइडची पिंपे सापडली, आणि त्या क्षोभातून त्याच वर्षी विषारी कचरा टाकण्यासंबंधीचा कायदा घाईने संमत झाला. १९७४ च्या प्रदूषण-नियंत्रण कायद्याने कचरा टाकण्याच्या स्थळास परवाना आवश्यक केला. दोन्ही कायद्यांचे मुख्य लक्ष कचरा कोठे पडतो याकडे. ह्या दृष्टीने पाहता जुन्या लोहखाणीसारखी सोयीची जागा नाही : खड्डा तयार, तळाशी घट्ट चिकणमाती, आणि भरल्यावर जमीन सपाट होऊन मिळणार. एका ठिकाणची घाण जाते, दुसऱ्या ठिकाणचा खड्डा भरतो; कागदावर दोन्ही जागांचा उद्धार झालेला दिसतो. कचरा ज्याच्या ताब्यात असेल त्याने तो वाटेतही निसटू देता कामा नये, असे कर्तव्य सर्वसाधारणपणे लादणारे कलम १९९० च्या पर्यावरण-संरक्षण कायद्यात आले आणि १९९२ साली अंमलात आले. कॉर्बीतील वाहतूक त्यापूर्वी कित्येक वर्षे सुरू झालेली होती.

आता त्या रस्त्याकडे वळू. कारखान्याच्या जागेतून निघालेल्या मालमोटारी डीनच्या खाणीकडे जाताना सार्वजनिक रस्त्यांवरून, वस्तीजवळून जात. गाळ ओला, मालमोटारी अनेकदा उघड्या, चाके चिखलाने माखलेली. पातळ गाळ हिंदकळून फळीवरून सांडतो, चाकांना लागलेला चिखल पहिल्या अर्ध्या मैलात गळून पडतो. हा चिखल ऊन-वाऱ्याने वाळतो, मागून येणारी चाके त्याचे पीठ करतात आणि ते पीठ वाऱ्यावर उडते. भट्टीच्या धुळीचे कण मुळातच अतिसूक्ष्म असल्यामुळे वाळल्यावर ते पुन्हा आपल्या मूळ रूपास येतात. पाण्याने धुऊन ज्यांना एकदा हवेतून काढले होते तेच कण, दहा-वीस वर्षांनी, ह्या मार्गाने पुन्हा हवेत गेले. भट्टीच्या धुराड्याला उंची तरी असते. रस्त्यावरची धूळ मनुष्याच्या नाकाच्या उंचीवरच उडते. यावरील उपाय मुळीच गूढ नव्हते. उकरण्यापूर्वी मातीची तपासणी करणे, अधिक दूषित माल वेगळा ठेवणे, मालमोटारी झाकणे, फाटकाशी चाके धुण्याची सोय करून ती खरोखर वापरली जाते हे पाहणे, कोरड्या दिवसांत रस्ते भिजविणे, शक्य तेथे सार्वजनिक रस्ता टाळून स्वतंत्र वाट काढणे, हे सर्व तत्कालीन बांधकाम-व्यवसायास ठाऊक होते. न्यायालयाचा निष्कर्ष असा की, काही सोयी होत्या, परंतु त्या अपुऱ्या होत्या आणि त्यांवरील देखरेख त्याहून अपुरी.

१९८६ ते १९९९ ह्या काळात कॉर्बी परिसरात जन्मलेल्या काही मुलांच्या हातापायांत जन्मजात व्यंगे होती : बोटे आखूड किंवा नसणे, हात अपुरा वाढलेला असणे, पाऊल वाकडे असणे. ह्या मातांची परस्परांशी ओळख होत गेली, १९९९ मध्ये वृत्तपत्रांनी हा विषय उचलला आणि अखेर अठरा मुलांच्या वतीने नगरपरिषदेविरुद्ध सामूहिक दावा दाखल झाला. थॅलिडोमाइड औषधाच्या शोकांतिकेनंतर इंग्लंडात १९७६ साली जन्मजात अपंगत्वाच्या दायित्वाविषयी जो कायदा झाला होता, त्याने अजून न जन्मलेल्या जीवाला झालेल्या इजेबद्दल जन्मानंतर दाद मागण्याची वाट मोकळी केली होती. गर्भाचे हातपाय घडतात ते मुख्यतः चौथ्या ते आठव्या आठवड्यात. पुष्कळदा आईला आपल्या अवस्थेची नुकतीच चाहूल लागलेली असते. म्हणून दाव्यातील प्रश्न असा झाला की, बारा-तेरा वर्षे चाललेल्या कामाच्या दरम्यान, प्रत्येक आईच्या त्या मोजक्या आठवड्यांत, रस्त्यावर व हवेत काय होते?

खटल्याच्या पूर्वीच एक महत्त्वाचा कायदेशीर मुद्दा निघाला. सार्वजनिक उपद्रव ह्या सदराखाली शारीरिक इजेची भरपाई मागताच येत नाही, असे परिषदेचे म्हणणे होते. अपील न्यायालयाने मे २००८ मध्ये ते फेटाळले. त्यानंतर मूळ दाव्याची सुनावणी न्यायमूर्ती एकनहेड यांच्यापुढे झाली आणि २९ जुलै २००९ रोजी त्यांनी निकाल दिला. परिषद हयगयीबद्दल, सार्वजनिक उपद्रवाबद्दल व वैधानिक कर्तव्याच्या भंगाबद्दल जबाबदार आहे. १९८९ ते १९९९ ह्या दशकात अशा व्यंगांचा संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय असा समूह कॉर्बीत आढळतो. आणि त्या दूषित द्रव्यांत ही व्यंगे घडविण्याची क्षमता होती, असे निष्कर्ष त्यांनी काढले. वयाने सर्वांत लहान अशा दोन वादींच्या बाबतीत मात्र त्यांनी परिषदेला जबाबदार धरले नाही.

ह्या निकालाचा अर्थ लावताना अभ्यासकाने सावध असावे. अमुक मुलाचे व्यंग अमुक धुळीनेच झाले, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. तो प्रश्न प्रत्येक वादीपुरता पुढील सुनावणीसाठी राखून ठेवला होता, आणि ती सुनावणी कधी झालीच नाही. संख्येने थोड्या असलेल्या घटनांचा समूह पाहताना काळाच्या व स्थळाच्या सीमा कशा आखल्या यावर निष्कर्ष पुष्कळ अवलंबून असतो, हा आक्षेपही निराधार नाही. परंतु मातीच्या हाताळणीचा इतिहास लिहिणाऱ्याने ह्या वैद्यकीय वादाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. काळजी घेतली गेली नाही ही गोष्ट स्वतंत्रपणे सिद्ध झाली आहे, आणि ती कशी सिद्ध झाली हे आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

कार्यालयीन दप्तरात आपणांस निविदा, देयके, खर्चाचे अंदाज, किती माती उचलली याचे हिशेब मिळतात. रस्त्यावर किती सांडली याची नोंद करणारे सदर कोणत्याच वहीत नसते. ती उणीव भरून काढली ती रहिवाशांच्या व कामगारांच्या साक्षींनी : चिखलाने भरलेले रस्ते, सर्वत्र बसणारी धूळ, न झाकलेल्या मालमोटारी. अशा आठवणी वीस वर्षांनी सांगितलेल्या, भावनेने रंगलेल्या आणि म्हणून कमी भरवशाच्या, असे दप्तराच्या अभ्यासकास सहज वाटेल. येथे मात्र न्यायालयाने त्यांना वजन दिले. लेखी पुराव्याचे मौन हा काही न घडल्याचा पुरावा नव्हे, हे आपण प्राचीन इतिहासाच्या संदर्भात एकमेकांना नेहमी सांगतो. अलीकडच्या काळातील नगरपालिकेची फाईल हाती आली की तेच विसरतो.

परिषदेने प्रथम अपिलाची तयारी चालविली होती. एप्रिल २०१० मध्ये तिने तो मार्ग सोडून तडजोड केली, एकोणीस वादींना भरपाई देण्याचे ठरले आणि परिषदेच्या मुख्याधिकाऱ्याने दिलगिरी व्यक्त केली. ही परिषद २०२१ साली विसर्जित होऊन तिचा कारभार नव्या नॉर्थ नॉर्थॅम्प्टनशायर परिषदेकडे गेला. २०२५ मध्ये ह्या प्रकरणावरील एक चित्रमालिका प्रसिद्ध झाल्यामुळे त्याची पुन्हा सर्वत्र चर्चा झाली.

दरम्यान कायद्यातही मातीच्या ह्या तीन अवस्थांचा विचार स्वतंत्रपणे होऊ लागला. जागच्या जागी असलेल्या दूषित भूमीचा शोध घेण्याची जबाबदारी इंग्लंडमधील स्थानिक संस्थांवर २००० साली येऊन पडली. बेल्जियममधील एका पेट्रोल पंपाच्या गळतीच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २००४ साली असे ठरविले की, न उकरलेली दूषित मातीदेखील 'कचरा' ह्या व्याख्येत येते. त्यामुळे एवढा गोंधळ उडाला की २००८ च्या युरोपीय निदेशाने जागेवरची न उकरलेली माती त्या व्याख्येतून मुद्दाम वगळली. म्हणजे आजच्या युरोपीय कायद्यानुसार माती जमिनीत आहे तोवर ती भूमी असते, आणि फावडे लागताच तिला कचऱ्याचे नियम लागू होऊ शकतात. कॉर्बीतील गाळाच्या तळ्यांवर फावडे पडले त्या वेळी ही सीमारेषा इतक्या स्पष्टपणे कोणी आखलेली नव्हती. ती माती ठेकेदाराच्या हिशेबात घनयार्डांतच मोजली जात होती.